तुमच्या चुका कोणाच्या लक्षात आहेत?

विमान चालवायला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पत्र असं आहे (त्यातला अप्रोच म्हणजे उतरण्यासाठी रनवेकडे येणं, बेस हा त्यातला रनवेला आडवा टप्पा आणि फायनल हा रनवेच्या रेषेतला शेवटचा; थ्रॉटलने इंजिनचा जोर कमी-जास्त होतो, आणि फ्लॅप म्हणजे पंखांचे उतरताना खाली करायचे मागचे भाग):

"सर, मी विमान चालवायला शिकते आहे. आतापर्यंत १६ तास झाले. पहिले ७ तास एकाच इन्स्ट्रक्टरबरोबर केले आणि त्यांच्याशी माझं छान जमलं होतं. पुढे त्यांना आठवड्यात एकच दिवस मिळू लागला, म्हणून शाळा मला जो मोकळा असेल त्याच्याबरोबर पाठवू लागली. आता चौथे इन्स्ट्रक्टर चालू आहेत. पहिले सर सांगायचे, अप्रोचवर वेग नाकाने सांभाळ आणि उंची थ्रॉटलने. दुसऱ्या मॅडम नेमकं उलट सांगतात. तिसरे म्हणतात, फ्लॅप बेसवरच पूर्ण टाक. चौथे म्हणतात, फायनलवर सरळ झाल्याशिवाय शेवटच्या फ्लॅपला हात लावू नकोस. माझं लँडिंग सुधारण्याऐवजी बिघडत चाललंय. मैत्रीण म्हणते, जितके जास्त इन्स्ट्रक्टर तितकं जास्त शिकायला मिळतं. मी पहिल्या सरांसाठी थांबू, की आहे तसंच चालू ठेवू? आणि एकाचाच आग्रह धरला तर बाकीच्यांना वाईट वाटेल का?"

सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने केलेलं पहिलं उड्डाण, होईपर्यंत एकच मुख्य इन्स्ट्रक्टर ठेवा. ते नसतील त्या दिवसांसाठी दुसरं एक माणूस ठरवून घ्या. दोनच, तिसरं नको. मात्र पहिल्या सरांसाठी आठवडा आठवडा जमिनीवर बसून राहू नका. तुमची मैत्रीण म्हणते ते खरं आहे, पण ते सोलो झाल्यानंतर. आज ते तुमच्या कामाचं नाही.

आता हे असं का म्हणतो ते सांगतो. कारण समजलं तर तुमच्या शाळेच्या अडचणींत ते कसं बसवायचं हे तुम्हीच ठरवू शकाल.

इन्स्ट्रक्टरकडून आपल्याला नक्की काय मिळतं? माहिती पुस्तकात असते. वेगाचे आकडे विमानाच्या हँडबुकात असतात. सर्किट, म्हणजे उड्डाण घेऊन रनवेभोवती फिरून परत उतरण्याची ठरलेली फेरी, कसं उडवायचं हे शाळेच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पण तुमच्या मागच्या दहा लँडिंगमध्ये तीच एक चूक कितीदा झाली, ती कुठून सुरू होते आणि मागच्या खेपेला काय सांगितल्यावर ती थोडी कमी झाली, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. ते फक्त शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला ठाऊक असतं. शिकण्याच्या या टप्प्यावर इन्स्ट्रक्टरची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुमच्या चुकांची त्याला असलेली आठवण. चार जणांत ती आठवण चार तुकड्यांत वाटली गेली की तुमच्या शिक्षणाचा बारभाईचा कारभार होतो. प्रत्येक जण मनापासून शिकवतो, पण पुढचा धागा कोणाच्याच हातात नसतो.

एक उदाहरण घेऊ. लँडिंगच्या वेळी नाक उचललं की तुमचं विमान जमिनीवर बसण्याऐवजी पुन्हा वर तरंगतं असं समजा. तुम्हाला पहिल्यांदाच पाहणारा इन्स्ट्रक्टर म्हणेल, "स्टिक जोरात ओढलीस, हलक्या हाताने ओढ." बरोबर आहे. पुढच्या खेपेला तुम्ही हलक्या हाताने ओढता, विमान तरंगत लांब जातं, आणि नवा इन्स्ट्रक्टर म्हणतो, "उशिरा ओढलंस." तेही बरोबर. पण सलग पाच-सहा उड्डाणं तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला वेगळंच दिसतं. बेसवर वळल्यावर तुम्ही ट्रिम (नाक हाताने धरून ठेवावं लागू नये म्हणून फिरवायचं चाक) नीट लावत नाही, हाताच्या जोरावर नाक धरून ठेवता, फायनलवर रेडिओवर बोलताना तो हात सैल पडतो आणि वेग हवा त्यापेक्षा सात-आठ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाढतो. जास्तीच्या वेगाने आलेलं विमान नाक उचलताच वर जाणार, त्याला दुसरा मार्गच नाही. म्हणजे रोग फ्लेअरमध्ये, टेकण्याआधी नाक उचलण्यात, नाहीच. तो मैलभर मागे, बेसवरच्या ट्रिमच्या चाकात आहे. हे पाहायला सलग पाहणारा माणूस लागतो. नवखा माणूस कितीही हुशार असला तरी एका तासात त्याला लक्षण दिसतं, कारण दिसत नाही.

शिवाय प्रत्येक नवा इन्स्ट्रक्टर तुम्हाला ओळखण्यात थोडा वेळ घालवणारच, आणि त्याने तो घालवायलाच हवा. ज्या माणसाला तो ओळखत नाही, त्याच्या हातात जमिनीपासून वीस फुटांवर विमान देणं त्याला धोक्याचं आहे. म्हणून तो आधी सरळ उड्डाण बघतो, मग वळणं, मग एखादा स्टॉल (पंखांची उचल एकदम कमी होण्याची अवस्था), आणि पहिल्या दोन सर्किटमध्ये हात कंट्रोलच्या जवळ ठेवतो. तुम्हाला वाटतं आपली प्रगती थांबली. खरं तर दर वेळी तुमची पुन्हा नव्याने पारख होते आहे.

एवढं सांगून दुसरी बाजूही सांगतो. सोलोच्या आधी, लँडिंग शिकताना, बहुतेकांचा एक टप्पा असा येतो की काल जमलेलं आज जमत नाही. एकच इन्स्ट्रक्टर असला तरी तो येतो. तेव्हा सगळं खापर चार इन्स्ट्रक्टरांवर फोडू नका. पण या टप्प्यातून बाहेर काढायला जे लागतं ते सातत्य, आणि तुमच्याकडे आत्ता नेमकं तेच नाही.

आता नाक की थ्रॉटल. या वादावर थोडा वेळ घालवतो, कारण तुमचा गोंधळ मुळात इथला आहे आणि तो सुटला तर पुढे दोन इन्स्ट्रक्टरांची दोन मतं ऐकून तुमची झोप उडणार नाही.

तुमचे पहिले सर चूक नाहीत आणि मॅडमही चूक नाहीत. इंजिन बंद पडलंय असं समजा. थ्रॉटल असून नसल्यासारखा. अशा वेळी वेग कशाने सांभाळणार? फक्त नाकाने. नाक खाली केलं की वेग वाढतो, वर केलं की कमी होतो. आता दुसरं टोक घ्या. तुम्ही ठरलेल्या उंचीवर सरळ चालला आहात आणि उंची सोडायची नाही. तिथे वेग वाढवायचा तर थ्रॉटलच पुढे करावा लागेल आणि नाकाने उंची धरावी लागेल. अप्रोच या दोन टोकांच्या मध्ये आहे. तिथे एक हललं की दुसरं हलवावंच लागतं. विमान खाली चाललंय आणि वेगही कमी होतोय, तर पॉवर हवी. विमान वर आहे आणि वेगही जास्त आहे, तर पॉवर कमी करायला हवी. वर आहे पण वेग कमी आहे, तर नाक खाली केल्यावर दोन्ही आपोआप जागेवर येतात. खाली आहे आणि वेग जास्त आहे, तर नाक थोडं वर करून वेग उंचीत बदलून घ्यायचा. म्हणजे खरा प्रश्न 'कशाने काय सांभाळायचं' हा नाहीच. विमानाकडे आत्ता एकूण ऊर्जा जास्त आहे की कमी, आणि ती वेगात आणि उंचीत कशी वाटली गेली आहे, हे ओळखायचं आहे. नाक ती वाटणी बदलतं, थ्रॉटल एकूण ऊर्जा कमी-जास्त करतो.

नवशिक्याला ही सगळी गुंतागुंत पहिल्याच दिवशी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक इन्स्ट्रक्टर एक टोक धरून सुरुवात करतो. सर पहिल्या टोकापासून सुरू करतात, कारण कमी वेगात, जमिनीजवळ, नाक वर ओढून उंची वाचवायची सवय जीवघेणी ठरू शकते, आणि ती तुम्हाला लागू नये असं त्यांना वाटतं. मॅडम दुसऱ्या टोकापासून सुरू करतात. पुढे मोठ्या विमानांवर आणि इन्स्ट्रुमेंट अप्रोचवर (बाहेर न बघता उपकरणांवरून येताना) नाकाने ठरलेली उतरती रेषा धरून वेग थ्रॉटलने सांभाळतात, आणि तुम्हाला आतापासूनच ते जमावं असं त्यांना वाटतं. दोघांचाही हेतू चांगला आहे. पण १६ तासांच्या विद्यार्थ्याच्या हाताला एकाच आठवड्यात दोन्ही शिकवलं तर हात अडखळतो, आणि नेमक्या त्या अर्ध्या सेकंदात विमान खाली बसतं. इन्स्ट्रक्टर होण्याच्या प्रशिक्षणात एक तत्त्व शिकवतात. जे पहिल्यांदा शिकलं ते सगळ्यात घट्ट बसतं, आणि घाई झाली, भीती वाटली की माणूस त्याच्याकडेच वळतो. म्हणून सोलोपर्यंत कुठलीही एकच पद्धत धरा. कुठली, ते मुख्य इन्स्ट्रक्टरला ठरवू द्या. दुसरी पद्धत नंतर शिकायचीच आहे.

फ्लॅपचा वाद याहून लहान आहे. पूर्ण फ्लॅप बेसवर टाकायचा की फायनलवर, ही बहुतेक लहान विमानांत पद्धतीची बाब आहे. फ्लॅपसाठीच्या वेगमर्यादेच्या आत असणं, म्हणजे एअरस्पीड इंडिकेटरवरच्या पांढऱ्या कमानीत असणं, ही मात्र पद्धतीची बाब नाही, ती विमानाची अट आहे. हा फरक एकदा मनात पक्का करा. काही गोष्टींत इन्स्ट्रक्टरांची मतं वेगळी असू शकतात आणि ती चालतात. काही गोष्टींत मतभेदाला जागाच नाही, आणि तिथे दोन इन्स्ट्रक्टर दोन गोष्टी सांगत असतील तर ते थेट चीफ इन्स्ट्रक्टरपर्यंत गेलंच पाहिजे.

बेसवरून फायनलवर वळणं हे दुसऱ्या प्रकारातलं ठळक उदाहरण. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान उंची न सोडता ३० अंश कलून घेतलेल्या वळणात साधारण ५४ नॉटला स्टॉल होतं, ४५ अंशांत साधारण ६० नॉटला आणि ६० अंशांत ७१ नॉटला. अप्रोचचा वेग सहसा उतरण्याच्या स्थितीतल्या स्टॉल वेगाच्या १.३ पट धरतात, म्हणजे इथे सुमारे ६५ नॉट. ते ६० आणि ते ६५ किती जवळ आले बघा. म्हणून "रनवेची रेषा चुकली तर जास्त कलून वळ, किंवा रडर (शेपटीवरचं, पायाने चालवायचं सुकाणू) दाबून नाक रनवेकडे आण" असं कोणी म्हणालं तर ती त्यांची पद्धत आहे असं समजून गप्प बसू नका. रेषा चुकली तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊन नवी फेरी. याला दुसरी बाजू नाही. विमान कोणाच्या हातात आहे हे बोलून द्यायचं आणि बोलून घ्यायचं, चेकलिस्ट वाचायची, अप्रोच स्थिर नसेल तर उतरायचं नाही, हेही याच यादीतलं.

सगळ्या इन्स्ट्रक्टरांनी एकच भाषा बोलावी हा आग्रह नवा नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट इथे १९१७ मध्ये इन्स्ट्रक्टर घडवणारी शाळा उभी केली. तोपर्यंत कोण काय आणि कसं शिकवेल हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं, आणि पुष्कळ शिकवणारे धोक्याच्या अवस्थांपासून विद्यार्थ्याला लांब ठेवत. स्मिथ-बॅरीने दुहेरी कंट्रोलच्या ॲव्हरो ५०४ वर विद्यार्थ्याला मुद्दाम स्पिनमध्ये (गरगर फिरत खाली येण्याच्या अवस्थेत) नेऊन त्यातून बाहेर पडायला शिकवलं, उघड्या कॉकपिटमध्ये बोलता यावं म्हणून रबरी नळी बसवली, आणि शिकवण्याला क्रम दिला. इन्स्ट्रक्टर उडवता उडवता जे समजावून सांगतो त्याला आजही 'पॅटर' म्हणतात, आणि तो ठरलेला असावा असा दंडक अनेक शाळांत आहे. तुमच्या शाळेत तो असता तर चार इन्स्ट्रक्टर होऊनही तुमचं एवढं नुकसान झालं नसतं. म्हणूनच मला इन्स्ट्रक्टरांच्या आकड्यापेक्षा याची जास्त काळजी वाटते. एकच सिलॅबस, एकच वेगाचे आकडे, एकच चेकलिस्ट आणि प्रत्येक उड्डाणानंतर नीट लिहिलेली नोंद असेल, तर तीन इन्स्ट्रक्टरही चालतात. यातलं काहीच नसेल तर दोनही जास्त होतात.

मग सगळं एकाच माणसावर सोपवून मोकळं व्हायचं का? नाही. एकाच इन्स्ट्रक्टरबरोबर खूप दिवस उडण्यात एक धोका आहे, आणि तो विद्यार्थ्याला कधी दिसत नाही. बहुतेक वेळा इन्स्ट्रक्टरलाही दिसत नाही.

उड्डाण घेऊन चढताना, कॉकपिटमधून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर, नाक डावीकडे ओढलं जातं आणि उजवा रडर दाबून धरावा लागतो. विद्यार्थी विसरतो. पहिले काही दिवस इन्स्ट्रक्टर आठवण करून देतो. नंतर कधीतरी, बोलून बोलून कंटाळलेला त्याचा उजवा पाय आपण होऊन पुढे जातो. त्याने काही ठरवलेलं नसतं. विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मध्यभागी राहतो, दोघेही खूश असतात, आणि विद्यार्थ्याची खात्री पटते की आपल्याला रडर जमला. फ्लेअरच्या वेळी हेच होतं. "हं... आता" एवढा एक हुंकार शेजारून येतो आणि विद्यार्थ्याचा हात डोळ्यांऐवजी त्या हुंकारावर नाक उचलायला शिकतो. मी शिकवत असताना दुसऱ्याचा विद्यार्थी तपासायला बसलो की पाय जमिनीवर सपाट ठेवायचो आणि तोंड बंद. पहिल्याच चढाईत चेंडू एका बाजूला सरकलेला दिसला की त्याच्या इन्स्ट्रक्टरला काय सांगायचं ते मला कळायचं. त्यात त्याचा दोष काढायचा नसायचा. माझ्या विद्यार्थ्यांबाबतही दुसऱ्यांनी मला असंच सांगितलेलं आहे, आणि ते ऐकायला मिळालं याचं मला बरंच वाटलं.

सोलोच्या दिवशी तो पाय आणि तो हुंकार, दोन्ही विमानातून उतरून जातात. वर विमान एका माणसाने हलकं झालेलं असतं. ते लवकर चढतं, सर्किटची उंची नेहमीपेक्षा आधी गाठतं, आणि उतरताना जास्त वेळ तरंगतं. हे सगळं पहिल्यांदाच घडताना तुमचा रडर खरोखर तुमचाच असला पाहिजे. म्हणून सोलोच्या आधी एक उड्डाण दुसऱ्या अनुभवी इन्स्ट्रक्टरबरोबर, शक्यतो चीफ इन्स्ट्रक्टरबरोबर, झालंच पाहिजे. अनेक शाळांत हा नियमच असतो. तुमच्या शाळेत नसेल तर तुम्ही मागून घ्या. आणि त्यांना आधीच सांगा, "मला शिकवू नका, नुसतं बघा. काही मदत केलीत तर नंतर सांगा." हे वाक्य जरूर म्हणा. चांगल्या इन्स्ट्रक्टरला ते आवडेल.

आता थांबायचं की नाही. सोलोच्या आधीच्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीन उड्डाणं व्हावीत. एकच उड्डाण होत असेल तर प्रत्येक तासाचा बराचसा भाग मागचं आठवण्यातच जातो, आणि त्यातलं एक हवामानाने रद्द झालं की पंधरा दिवसांचा खंड पडतो. इन्स्ट्रक्टर बदलण्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा हे नुकसान मोठं आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून पहिल्या सरांना आठवड्यात खरोखरच एक दिवस मिळत असेल, तर त्यांना मुख्य ठेवून बाकीचे दोन दिवस दुसऱ्या एकाच इन्स्ट्रक्टरबरोबर उडा. तो दुसरा निवडताना कोण जास्त हुशार हे बघू नका. त्या दोघांचं आपसात बोलणं आहे का, ते बघा. पहिल्या सरांची पद्धत मान्य करून, तीच भाषा वापरून जो शिकवेल, तो तुमचा दुसरा. आणि सर पुढे अजून कमी येणार असतील तर जड मनाने का होईना, मुख्य इन्स्ट्रक्टरच बदला. लहान शाळांत शिकवणारे बरेच तरुण इन्स्ट्रक्टर एअरलाइनसाठी लागणारे तास जमवत असतात. अमेरिकेत तर २०१३ पासून एअरलाइनच्या सीटवर बसायला साधारणपणे १,५०० तासांची अट आहे, त्यामुळे तिथे तास भरले की शिकवणारे जातातच. तुम्ही सरांना सरळ विचारा, "माझा सोलो होईपर्यंत तुम्ही इथे आहात का?" यात अवघडण्यासारखं काही नाही. त्यांनाही त्याचं उत्तर द्यायला बरं वाटेल.

आणि एक वही करा. लॉगबुक वेगळं, त्यात तास आणि सह्या असतात. ही वही चुकांची. प्रत्येक उड्डाणानंतर, इंजिन थंड व्हायच्या आत, काय चुकलं, इन्स्ट्रक्टरच्या मते ते कशामुळे चुकलं, आणि पुढच्या वेळी पहिली गोष्ट कोणती करायची हे त्यांच्याच शब्दांत लिहा. पुढचं माणूस कोणीही असो, ब्रीफिंगला बसताच शेवटची दोन पानं त्यांच्यासमोर ठेवा. सुरुवातीला मी ज्या आठवणीबद्दल बोललो, ती अशा रीतीने इन्स्ट्रक्टरच्या डोक्यातून तुमच्या हातात येते. एकाच इन्स्ट्रक्टरच्या विद्यार्थ्यालाही मी हे सांगेन, पण तुमच्यासाठी ते आज सगळ्यात तातडीचं काम आहे. मागचे १६ तास आठवतील तसे आज रात्रीच लिहून काढा. चौघांनी सांगितलेल्या गोष्टी एकाखाली एक मांडल्या की त्यातल्या निम्म्या एकच आहेत, फक्त शब्द वेगळे आहेत, हेही दिसेल.

सोलोनंतर मात्र दार उघडा. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत किमान ४० तास आहेत, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकत असाल तर ३५. त्यात १० तास एकट्याचे, आणि एक क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याची फेरी) अशी की २७० किलोमीटर अंतर कापताना दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. प्रत्यक्षात बहुतेकांना या किमान तासांपेक्षा जास्त लागतात. या उरलेल्या तासांत वेगळ्या माणसांची खरी गोडी आहे. कोणी आडव्या वाऱ्यातलं लँडिंग फार सुंदर शिकवतं. कोणाचा हात नकाशा आणि घड्याळावर बसलेला असतो. कोणी ढगांकडे बघून दुपारचं हवामान सांगतं. एखाद्या जुन्या ग्लायडर वैमानिकाबरोबर तासभर उडालात तर रडर आणि हवा या दोघांविषयी असं काही कळेल, जे इंजिनच्या आवाजात कधी ऐकू आलं नव्हतं. तेव्हा मॅडमकडे परत जा आणि त्यांची थ्रॉटलची पद्धत त्यांच्याकडूनच शिका. तोवर तुमच्या हाताला एक पद्धत पक्की झालेली असेल, म्हणून दुसरी तिच्या शेजारी बसेल, तिला ढकलणार नाही. परीक्षेच्या दिवशी परीक्षक अनोळखीच असणार, आणि पुढे व्यवसायात गेलात तर आज एकाबरोबर, उद्या दुसऱ्याबरोबर उडणं रोजचंच होईल.

इन्स्ट्रक्टर कायमचा बदलण्याची कारणं याहून वेगळी आहेत. तुमच्या पत्रात तशी तक्रार नाही, तरी सांगून ठेवतो. जो न सांगता कंट्रोल हिसकावतो, जो वर ओरडतो आणि खाली उतरल्यावर समजावून सांगत नाही, जो डीब्रीफ (उड्डाणानंतरची चर्चा) न करता पुढच्या विद्यार्थ्याकडे निघून जातो, जो तुमच्या तासात स्वतःच उडवत बसतो, त्याच्याबरोबर राहू नका. मग तो शाळेतला सर्वांत नावाजलेला असला तरी. कडक असणं मात्र यात मोडत नाही. दहा वेळा तेच सर्किट करायला लावणारा इन्स्ट्रक्टर बहुधा तुमच्यावर सर्वांत जास्त मेहनत घेत असतो.

शेवटचा प्रश्न, बाकीच्यांना वाईट वाटेल का. नाही वाटणार. सोलोच्या तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याला एकच हात हवा असतो हे प्रत्येक इन्स्ट्रक्टरला माहीत असतं. उलट मध्येच हातात आलेल्या, आधी काय शिकलाय ते ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला घेऊन उडणं त्यांनाही नकोसं असतं. तुम्ही या इन्स्ट्रक्टरबद्दल, त्या इन्स्ट्रक्टरबद्दल बोलायला जाऊ नका. चीफ इन्स्ट्रक्टरना पाच मिनिटं भेटा, वही पुढे ठेवा आणि एवढंच म्हणा: "सोलोपर्यंत मला एक मुख्य आणि एक पर्यायी इन्स्ट्रक्टर ठरवून द्या. अप्रोचची एकच पद्धत दोघांनी मला शिकवावी. आणि सोलोच्या आधीचं एक उड्डाण तुम्ही माझ्याबरोबर करा." ते नाही म्हणाले तर का नाही म्हणतात ते विचारून घ्या आणि मला पुन्हा लिहा. त्या उत्तरावरून शाळा बदलायची की नाही, हेही आपण ठरवू.